निझामियाचे प्राध्यापक इमाम गझाली

मदरसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मशिदीच्या ओट्यावर रेहल मांडून सिपारा पाठ करणारी लहान मुले येतात. वास्तविक त्याला मकतब म्हणावयाचे. अकराव्या शतकात सेल्जुक सुलतानांचा वजीर निझामुलमुल्क याने बगदाद, निशापूर, इस्फहान अशा शहरांत जे मदरसे उभारले, ती आजच्या भाषेत कॉलेजेच होती. तेथे येणारा तरुण कुरआन आणि अरबी व्याकरण आधीच शिकून आलेला असे. तेथे तो मुख्यतः फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदा शिके. विद्यार्थ्याच्या राहण्याजेवण्याची सोय आणि मुदर्रिसाचा, म्हणजे प्राध्यापकाचा पगार वक्फाच्या उत्पन्नातून भागे. पुढे मुदर्रिसाच्या हाताखाली ‘मुईद’ नावाचा एक साहाय्यकही असे. तास संपल्यावर ज्यांना समजले नाही त्यांना तोच पाठ पुन्हा समजावून देणे हे त्याचे काम. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र माणूस नेमावा ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

बगदादचा निझामिया मदरसा 1067 साली सुरू झाला. त्याच्या पहिल्याच दिवसाची एक हकीकत इतिहासकारांनी नोंदवली आहे. प्रमुख मंडळी जमली, परंतु ज्यांची नेमणूक झाली होती ते शेख अबू इसहाक शिराझी काही येईनात. वाटेत त्यांना एका मुलाने विचारले होते म्हणे की, बळकावलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आपण कसे शिकवणार? शेख तेथूनच परतले आणि दडून बसले. वीस दिवस दुसऱ्याच आलिमाने ती गादी चालवली, तेव्हा कुठे मनधरणी करून शिराझींना आणता आले. एवढ्या मोठ्या पंडिताला रस्त्यावरच्या पोराचा प्रश्न झटकून टाकता आला नाही! या मदरशाच्या इतिहासातले हे पहिले पान मला फार आवडते.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, 1091 साली, याच गादीवर अबू हामिद मुहम्मद अल-गझाली यांची नेमणूक झाली. वय अवघे तेहतीस.

गझालींचा जन्म 1058 साली खुरासानातील तूस येथे झाला. आजच्या इराणातील मशहद शहराजवळ हे ठिकाण आहे. वडील लोकर कातून विकणारे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते याची खंत होती. मरताना त्यांनी मुहम्मद व अहमद ही दोन्ही मुले एका सूफी मित्राच्या हवाली केली आणि शिल्लक होती तेवढी रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी दिली. ती लवकरच संपली. मित्रही फकीरच. त्याने मुलांना सरळ सांगितले, आता तुम्ही एखाद्या मदरशात जा, निदान पोटाला भाकर तरी मिळेल. पुढे मोठे झाल्यावर गझाली हे स्वतः कबूल करीत. आम्ही इल्म अल्लाहसाठी शोधला नव्हता, पण इल्मच दुसऱ्या कशासाठी राहावयास तयार होईना, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे नमूद आहे. वसतिगृहातील जेवणासाठी कॉलेजात नाव घालणाऱ्या मुलाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, ती पाहताना हे ध्यानात असलेले बरे.

शिक्षणाच्या काळातील आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. जुरजान येथून परत येताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. त्यात गझालींच्या टिपणांचे बाड गेले. ते टोळीच्या म्होरक्यामागे धावले आणि म्हणाले, बाकी सर्व न्या, एवढे कागद परत द्या, माझी सारी विद्या त्यात आहे. म्होरक्या हसला. कागद गेल्याबरोबर जी जाते ती तुझी विद्या कसली, असे म्हणून त्याने बाड परत केले. गझालींनी पुढची तीन वर्षे ती टिपणे मुखोद्गत करण्यात घालवली. परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या नोट्स उतरवून घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी या दरोडेखोरालाही उस्ताद मानावयास हरकत नाही.

यानंतर ते निशापूरला इमामुल-हरमैन जुवैनी यांच्याकडे गेले. जुवैनी त्या काळचे अव्वल दर्जाचे गुरू. गझाली त्यांच्या शागीर्दांत सर्वांत चमकले. परंतु गझालींचे समकालीन चरित्रकार अब्दुल गाफिर फारसी एक बारीकशी गोष्ट लिहून ठेवतात. जुवैनी चारचौघांत या शिष्याचा अभिमान मिरवीत, पण त्याची तल्लख बुद्धी आणि जिभेचा वेग मनातून त्यांना फारसा रुचत नसे. शिक्षकाच्या मनातील हा काटा नवा नाही. असूया शत्रूविषयीच वाटते असे नाही, पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाविषयीही वाटते. शिक्षकी पेशात ज्यांची हयात गेली त्यांना हे मी सांगावयास नको.

1085 साली जुवैनी वारले आणि गझाली वजिराच्या दरबारात गेले. तेथे वादसभा होत. एकाने मत मांडावयाचे, दुसऱ्याने ते खोडून काढावयाचे. जिंकेल त्याला मान आणि पद. गझाली जिंकत गेले आणि त्या विजयांच्या जोरावरच बगदादला आले. इब्नुल जौझी यांनी नोंदवले आहे की, ते बगदादेत शिरले तेव्हा त्यांच्या अंगावरचे कपडे आणि खालचे जनावर यांची किंमत लोकांनी पाचशे दीनार केली होती. गझाली स्वतः लिहितात की, त्यांच्यापुढे तीनशे विद्यार्थी बसत. एवढे करून फावल्या वेळात, कोणा गुरूशिवाय, दोन वर्षांच्या आत त्यांनी ग्रीक परंपरेतील तत्त्वज्ञान वाचून काढले. विद्वत्तेत, वक्तृत्वात, मेहनतीत कसलीही उणीव नव्हती. आजच्या कोणत्याही कॉलेजने त्यांना डोळे मिटून घेतले असते.

आणि 1095 च्या उन्हाळ्यात या प्राध्यापकाची वाचा गेली.

आपल्या ‘अल-मुनकिझ’ या आत्मकथनपर पुस्तकात त्यांनी हे काहीही न लपवता सांगितले आहे. आपण शिकवतो ते कशासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर आले की, नावासाठी व मानासाठी. जवळजवळ सहा महिने जावे की राहावे या ओढाताणीत गेले. येणाऱ्यांच्या समाधानासाठी एखादा दिवस तरी शिकवावे म्हणून बसत, पण जिभेतून शब्द फुटत नसे. मग अन्नही जाईना. हकिमांनी नाडी पाहून सांगितले की, रोग मनाचा आहे, आमच्या हातात काही नाही. अखेर हजला जातो असे सांगून त्यांनी बगदाद सोडले. कुटुंबापुरते ठेवून बाकीचा पैसा वाटून टाकला. भाऊ अहमद यांनी त्यांच्या जागी शिकवले. ते स्वतः दमास्कसला गेले, मग जेरुसलेमला, हेब्रॉनला.

काही अभ्यासक याला राजकीय कारण जोडतात. 1092 साली निझामुलमुल्कचा खून झाला, पाठोपाठ सुलतान मलिकशाहही वारला आणि बगदादेत कोणाचीच शाश्वती उरली नाही, हे खरेच. भीती असेलही. पण भीतीने पळणारा माणूस आपली अब्रू राखणारे कारण शोधतो. नावाच्या लोभाने मी शिकवीत होतो, असे लिहून ठेवीत नाही. म्हणून मी त्यांच्याच शब्दावर विश्वास ठेवतो.

हेब्रॉन येथे हजरत इब्राहीम यांच्या मजारीपाशी त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या. सुलतानाच्या दरबारात जावयाचे नाही, त्याचा पैसा घ्यावयाचा नाही, आणि वादसभेत उतरावयाचे नाही. तिसरी प्रतिज्ञा मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या कौशल्याने त्यांना गादी मिळाली होती, तेच त्यांनी खाली ठेवले. समोरच्याला हरवण्याची सवय लागलेला माणूस वर्गातही तेच करतो. फरक इतकाच की, तेथे समोर बसलेला उलट उत्तर देऊ शकत नाही.

या भटकंतीच्या वर्षांत ‘इह्या उलूमुद्दीन’ हा त्यांचा महाग्रंथ आकाराला आला. त्याच्या पहिल्याच भागात, इल्मच्या प्रकरणात, शिकणाऱ्याची दहा आणि शिकवणाऱ्याची आठ कर्तव्ये सांगितली आहेत. शिक्षकाचे पहिलेच कर्तव्य म्हणजे शफकत, माया. विद्यार्थ्याला पोटच्या मुलासारखे वागवावे. (त्यांच्या ओळीत मुलगा आहे. आपण तेथे मुलगीही वाचावी.) दुसऱ्या कर्तव्यात मोबदल्याची अपेक्षा धरू नये असे आहे, ते वाचून आमचे प्राध्यापक बंधू हसतील. पण वक्फाच्या पैशातून आलिमाने कुटुंबापुरते घेण्यास गझालींची ना नव्हती, हे त्यांनी अन्यत्र लिहिले आहे.

खरा अनुभव चौथ्या कर्तव्यात उतरला आहे. विद्यार्थ्याची चूक आडून, सूचनेने दाखवावी, उघड नव्हे. मायेने दाखवावी, फटकारून नव्हे. कारण चारचौघांत फटकारल्याने आदराचा पडदा फाटतो आणि मुलगा मुद्दाम तेच करू लागतो. हे वाचताना मला माझ्याच वर्गातील एक मुलगा आठवतो. एका मुद्द्यावर त्याने तिसऱ्यांदा शंका विचारली, आणि मी असे काही बोललो की सगळा वर्ग हसला. मीही हसलो. वर्ष संपेपर्यंत त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. त्याच्या घराण्यात कॉलेजात आलेला तो पहिलाच, हे मला निरोप समारंभाच्या दिवशी कळले. गझालींची वाचा सहा महिन्यांनी परत आली असेल. त्या मुलाची माझ्या वर्गात तरी आली नाही.

पाचवे कर्तव्य स्टाफरूमसाठी लिहिल्यासारखे आहे. आपला विषय शिकवताना दुसऱ्याच्या विषयाची निंदा करू नये. भाषा शिकवणारा फिक्हला नावे ठेवतो, फिक्ह शिकवणारा हदीसला, असे ते उदाहरणही देतात. सातवे कर्तव्य मंद समजल्या गेलेल्या विद्यार्थ्याविषयी आहे. त्याला पेलेल ते स्वच्छ करून सांगावे, आणि यापुढे काही खोल आहे पण ते तुझ्यासाठी नाही, असे सुचवूदेखील नये. त्यामुळे जे समजले त्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. जगात असा कोणीच नाही की ज्याला आपली बुद्धी पुरेशी वाटत नाही, असे थोडे मिश्कील निरीक्षणही तेथे आहे. आठवे कर्तव्य बोलावे तसे चालावे हे होय. ते सर्वांना पाठ आहे.

यात हळवेपणा नाही, हे समजून घेतले पाहिजे. तिसऱ्या कर्तव्यात ते म्हणतात की, पात्रता येण्यापूर्वी विद्यार्थ्याला वरच्या पायरीवर चढू देऊ नये. म्हणजे मायेपोटी पास करणे त्यांना मान्य नव्हते. तीन शतकांनंतर इब्न खल्दून यांनी, जे पुढे कैरोच्या मदरशांत स्वतः मुदर्रिस झाले, 1377 साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त हाच विषय वेगळ्या बाजूने मांडला. धाकात वाढलेला विद्यार्थी खोटे बोलावयास शिकतो, त्याचा उत्साह मरतो, आणि पुढे हा स्वभावच बनतो. त्यांनी हे समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. गझालींनी आधी स्वतःकडे पाहिले होते.

1106 साली निझामुलमुल्कचा मुलगा फखरुलमुल्क याच्या आग्रहावरून गझाली पुन्हा शिकवू लागले, ते निशापूरच्या निझामियात, जेथे ते कधी काळी विद्यार्थी होते. वरवर पाहता मी परतलो, पण हे परतणे नव्हे, असे ते लिहितात. पूर्वी मान मिळवून देणारी विद्या मी शिकवीत होतो, आता मान सोडावयास लावणारी शिकवतो, असा त्याचा भावार्थ.

असे कोणीही म्हणू शकतो. पण येथे एक साक्षीदार आहे. अब्दुल गाफिर फारसी हे निशापूरचेच. गझालींचा जुना ताठा, लोकांना तुच्छ लेखण्याची त्यांची रीत त्यांनी पाहिली होती. आता नम्र, सोसणारे गझाली पाहून त्यांना प्रथम वाटले की हे सोंग आहे. त्यांनी पुन्हा पुन्हा भेटी घेतल्या, पारखून पाहिले आणि शेवटी लिहिले की, आपला संशय खोटा होता, माणूस खरोखरच बदलला आहे. चरित्रकाराने आधी संशय घेतला म्हणूनच ही साक्ष मला वजनदार वाटते.

निशापुरातही ते फार दिवस राहिले नाहीत. तूसला घरालगत एक मदरसा आणि सूफींसाठी खानकाह बांधून तेथेच त्यांनी अखेरची वर्षे काढली. बगदादचे तीनशे विद्यार्थी येथे नव्हते. 18 डिसेंबर 1111 रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचा इंतिकाल झाला.

या अखेरच्या काळात त्यांच्या एका जुन्या शागीर्दाने पत्र पाठवले. मी पुष्कळ शिकलो, आयुष्य त्यात घालवले, पण यातले नेमके कोणते ज्ञान उद्या माझ्या कामी येईल ते कळत नाही, आपण थोडक्यात लिहून पाठवावे, अशी त्याची विनंती होती. उत्तर त्याला उस्तादांच्या ग्रंथांत सापडले असते, हे तो स्वतःही जाणून होता. तरी त्याला स्वतःसाठी लिहिलेली चार पाने हवी होती. एवढे ग्रंथ लिहिलेल्या त्या थकलेल्या माणसाने ती लिहिली. त्या छोट्या पुस्तकाला पुढे त्यातल्या संबोधनावरूनच नाव पडले : ‘अय्युहल वलद’, म्हणजे ‘हे मुला’.