आराखड्यावरील अक्षरांची कुळकथा

इमारतीच्या, पुलाच्या अथवा शेतजमिनीच्या आराखड्यात रेषा आणि अक्षर यांची कामे फार पूर्वीपासून वाटून दिलेली आहेत. आकार दाखवावा तो रेषेने, आणि त्या आकाराचा तपशील, म्हणजे भिंतीची जाडी, सळईचा व्यास, हद्दीचा गट क्रमांक, खातेदाराचे नाव, सांगावा तो अक्षराने. अक्षर गेले तर उरलेल्या रेषांच्या भरवशावर कोणी गवंडी पाया आखणार नाही आणि कोणी मामलेदार निकाल देणार नाही. असे असता संगणकावर काढलेला आराखडा एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाऊन उघडला की त्याच्या रेषा तंतोतंत जागेवर असाव्यात, आणि अक्षरांच्या ठिकाणी मात्र प्रश्नचिन्हांची रांग, रिकामे चौकोन किंवा असंबद्ध रोमन अक्षरांची दाटी दिसावी, हा अनुभव वास्तुविशारदाच्या आणि मोजणीच्या व्यवसायात इतका नित्याचा झाला आहे की त्याचे कारण शोधण्याचे कष्टही आता क्वचितच कोणी घेतो. त्या कारणाला चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्याचे मूळ संगणकाच्याही आधीच्या, शाईच्या लेखणीत आहे.

सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांच्या आस्थापनेवर आरेखक आणि अनुरेखक अशी दोन निरनिराळी पदे असत. आरेखकाने पेन्सिलीने काढलेल्या मूळ आकृतीवर पारदर्शक कापड किंवा कागद पसरून ती शाईने उतरवून घेणे हे अनुरेखकाचे काम, आणि त्याची खरी परीक्षा रेषेपेक्षा अक्षरांत होत असे. टी-स्क्वेअरच्या आधाराने रेघ कोणालाही सरळ मारता येते. परंतु शंभर ठिकाणची मापे एकाच उंचीने, एकाच कलाने आणि एकाच जाडीने लिहिणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाखेरीज साधत नाही. पुढे या अक्षरांना प्रमाणेही लागली. आंतरराष्ट्रीय मानकाने, आणि त्याला अनुसरून भारतीय मानक ९६०९ने, अक्षरांच्या उंचीची २.५, ३.५, ५, ७, १०, १४ आणि २० मिलिमीटर अशी पायरी घालून दिली. तिची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी आहे, कारण ए-मालिकेतील कागदही त्याच प्रमाणात लहानमोठे होतात आणि आराखडा एक आकार खाली छापला तरी अक्षर पुढच्या प्रमाणित पायरीवरच उतरते. अक्षराची जाडी उंचीच्या दशांश किंवा चौदांश असावी असाही दंडक होता, आणि लेखण्यांची टोके त्या हिशेबानेच बनत. एवढ्या काटेकोर शास्त्राच्या मुळाशी एक साधी वस्तुस्थिती होती. रेषा आणि अक्षर एकाच शाईने, एकाच पृष्ठावर उमटलेली असत, आणि त्या ट्रेसिंगवरून निघालेली फेरो प्रिंट किंवा अमोनिया प्रिंट ज्याच्या हाती पडे, त्याच्या हाती दोन्ही एकदमच पडत. छाप कालांतराने फिकी होई, वाळवी कागद खाई, परंतु रेषा शाबूत राहून अक्षर तेवढे बदलले, असे कधी घडत नसे.

मात्र अक्षर कागदावर असणे आणि ते वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा दाखला महाराष्ट्राच्या जमीन दफ्तरातच आहे. मुंबई इलाख्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमीन-पाहणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून नव्या धर्तीच्या मोजणीला आरंभ केला. तेहेतीस फुटी साखळीने शेते मोजली गेली, त्या साखळीच्या चौरसाचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर हा हिशेब रूढ झाला, आणि प्रत्येक सर्व्हे नंबराची टिपणे तयार झाली. या जुन्या दफ्तराचा मोठा भाग मोडी लिपीत आहे. कागद सुस्थितीत, शाई गडद, आणि तरीही हद्दीचा वाद उभा राहिला की मोडी वाचणारा जाणकार शोधत फिरावे लागते. लिपीचा परिचय ही किल्ली वाचकापाशी नसेल तर समोरचे अक्षर उघडत नाही. संगणकाने हीच अडचण वेगळ्या रूपात, आणि अधिक व्यापक प्रमाणावर, पुन्हा उभी केली.

संगणकाच्या हाती लेखणी देण्याचे प्रारंभीचे प्रयत्न आठवताना ॲलन हर्शी या अमेरिकी शास्त्रज्ञाचे नाव आदराने घेतले पाहिजे. व्हर्जिनिया राज्यातील डालग्रेन येथील नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करीत असता त्याने १९६७च्या सुमारास रोमन, ग्रीक, सिरिलिक, गॉथिक आणि जपानी अक्षरांचे केवळ सरळ रेघांच्या तुकड्यांनी बनलेले साठे तयार केले. त्या काळचे आरेखन यंत्र, म्हणजे प्लॉटर, खरोखरीची लेखणी चिमट्यात धरून कागदावर फिरवीत असे. त्याला काळा ठसा उमटवता येत नसे, रेघ ओढता येत असे. म्हणून अक्षरही रेघांतच सांगावे लागे. पुढे १९८२च्या अखेरीस जॉन वॉकर आणि त्याचे सहकारी यांच्या ऑटोडेस्क या नव्या कंपनीने ऑटोकॅड हे आरेखनाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले, तेव्हा त्यातही अक्षराची हीच कल्पना कायम राहिली. सिंप्लेक्स, कॉम्प्लेक्स, ट्रिप्लेक्स, गॉथिक ही त्यातील फॉन्टांची नावे हर्शीच्या वर्गीकरणाशी जुळणारी आहेत.

ऑटोकॅडच्या या अक्षरांची घडण पाहण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व दोषांचे बीज तीत सापडते. एसएचएक्स नावाच्या फाइलीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकाखाली लेखणीला द्यायचे हुकूम ओळीने मांडलेले असतात: लेखणी टेकव, अमुक दिशेने अमुक लांबी जा, लेखणी उचल, पुढच्या अक्षराच्या आरंभस्थानी जाऊन थांब. एका रेघेला एक बाइट पुरे. त्याच्या अर्ध्या भागात १ ते १५ एककांपर्यंतची लांबी आणि उरलेल्या अर्ध्या भागात सोळा दिशांपैकी एक दिशा. ‘टीएक्सटी’ या आद्य फॉन्टमधले ओ अक्षर कोनाकोनांचे दिसते ते याच काटकसरीमुळे. जितक्या रेघा कमी तितका पडदा लवकर रंगे आणि प्लॉटर लवकर मोकळा होई. एवढ्यानेही वेळ पुरेनासा झाला तर क्यूटेक्स्ट नावाची आज्ञा होती, जी सर्व मजकूर झाकून त्या जागी नुसत्या चौकटी दाखवी. तुटपुंजी स्मृती आणि लहानशा फ्लॉपी यांच्या त्या युगात ही काटकसर शहाणपणाची होती, हे निःसंशय.

परंतु याच काटकसरीने आणखी एक निर्णय घेतला. आराखड्याच्या फाइलीत अक्षराची आकृती साठवायची नाही. साठवायचे ते फक्त अक्षराचे क्रमांक आणि फॉन्टचे नाव. म्हणजे आराखडा ही एक हुंडी झाली. तिच्यावर पेढीचे नाव लिहिलेले असते, परंतु ज्या गावी ती वटवायची त्या गावी ती पेढी असेल तरच रक्कम हाती येते. पुण्यातल्या संगणकावर असलेला फॉन्ट नागपूरच्या संगणकावर नसेल, तर ऑटोकॅड स्वतःच्या मर्जीने सिंप्लेक्ससारखा बदली फॉन्ट उभा करते. बदली फॉन्टच्या अक्षरांची रुंदी वेगळी असल्याने तक्त्यातील आकडे एकमेकांवर चढतात, आणि ज्या क्रमांकाची आकृती त्या फॉन्टमध्ये मुळातच नाही तिच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. चीन आणि जपान यांच्या सहस्रावधी चित्राक्षरांसाठी बिगफॉन्ट नावाचा स्वतंत्र प्रकार निर्माण करण्यात आला. तो जोडीला नसेल तर तिकडून आलेल्या संपूर्ण आराखड्यावर प्रश्नचिन्हांखेरीज काहीच दिसत नाही. यंत्रे मोठी झाली, स्मृती विपुल झाली, तरी आकृती न साठवण्याचा तो निर्णय राहिलाच; शिवाय फॉन्ट ही कोणाच्या तरी मालकीची, परवान्याने मिळणारी वस्तू असल्याने ती प्रत्येक आराखड्यासोबत वाटणे कायद्यानेही सोपे राहिले नाही.

देवनागरीची कथा याहून बिकट आहे. एसएचएक्सच्या पद्धतीत एक क्रमांक म्हणजे एक आकृती, आणि आकृत्या एकीपुढे एक बसतात. आपल्या लिपीत मात्र ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येते आणि लेखनात त्याच्या आधी बसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, आणि क्ष, ज्ञ, श्र, द्य यांत घटक अक्षरांची मूळ रूपे ओळखूही येत नाहीत. या जोडणीचे नियम लेखणीच्या सोळा दिशांत मावणारे नव्हते. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विकसित झालेल्या जिस्ट तंत्राने संगणकात भारतीय लिपी आणण्याचे फार मोठे काम केले, १९९१ साली भारतीय लिप्यांतील वर्णांना क्रमांक देणारे इस्की हे भारतीय मानकही ठरले. परंतु आरेखनाच्या सॉफ्टवेअरपर्यंत त्या व्यवस्थेचा हात पोचला नाही. तेथे मराठी शिरली ती मागील दाराने. १९९४च्या तेराव्या आवृत्तीपासून ऑटोकॅडला विंडोजचे ट्रूटाइप फॉन्ट वापरता येऊ लागले, आणि शिवाजी, श्रीलिपी, आकृती यांसारखे जे फॉन्ट छपाईच्या धंद्यात रुळले होते तेच आराखड्यांवर आले. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. एका घरात अर्धा ख, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. घरे अडीचशेच्या आत आणि तुकडे त्याहून अधिक, म्हणून प्रत्येक निर्मात्याने आपापली वाटणी केली, आणि एकाची वाटणी दुसऱ्याशी जुळली नाही. गावाचे नाव एका संगणकावर शुद्ध मराठीत दिसे, आणि तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांची माळ.

याचा परिणाम व्यवसायाच्या भाषेवर झाला, आणि माझ्या मते तोच या इतिहासातील सर्वांत दुःखद भाग आहे. १९६४च्या अधिनियमाने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा ठरली. पत्रव्यवहार, टिपण्या, सातबारा मराठीत होत आले. परंतु ज्या आरेखकाचे दोनतीन आराखडे अशा रीतीने बिघडून परत आले, त्याने शहाणपणाने ‘किचन’, ‘वेल’, ‘रोड’ असे रोमन लिपीत लिहिण्याचे ठरवले, आणि शेताच्या बांधांना पिढ्यान्‌पिढ्या असलेली नावे इंग्रजी स्पेलिंगच्या साच्यात वाकडीतिकडी झाली. यात त्याचा दोष नव्हता. हाती असलेल्या साधनाने त्याला दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

तो मार्ग, जगातील लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाने दिला. १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ हा स्वतंत्र पट्टा मिळाला, आणि त्याची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. विंडोज २०००सोबत मंगल हा फॉन्ट आला. त्याचे रेखाटन सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईतील अध्यापक र. कृ. जोशी यांचे होते. आता वर्णाचा क्रमांक एकच, आणि जोडणीचे नियम फॉन्टच्या पोटात व ते अमलात आणणारी यंत्रणा संगणकाच्या मूळ प्रणालीत, अशी योग्य विभागणी झाली. ऑटोकॅडच्या फाइलीतील मजकूर २००७च्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये साठवला जाऊ लागला. तथापि जे सॉफ्टवेअर अक्षरे स्वतः एकेक करून मांडते आणि जोडणीचा टप्पा प्रणालीकडे सोपवीत नाही, त्यात अजूनही वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते, पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसतात, आणि मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळते.

हा वंशवृक्ष ध्यानात ठेवला तर बिघाडाच्या खुणाच त्याचे निदान सांगतात. प्रश्नचिन्ह दिसले तर एसएचएक्स फॉन्टमध्ये आकृती नाही, म्हणून मूळ फॉन्ट मागवावा. रिकामा चौकोन दिसला तर निवडलेल्या ट्रूटाइप फॉन्टमध्ये ते अक्षर नाही, म्हणून त्या मजकुराच्या शैलीला देवनागरी असलेला फॉन्ट लावावा. रोमन अक्षरांची माळ ही जुन्या, घरे बदललेल्या फॉन्टची खूण होय. तेथे मंगल लावून काहीच होत नाही, मजकुराचे युनिकोडात रूपांतरच करावे लागते. ओळींच्या जागी चौकटी असतील तर क्यूटेक्स्ट चालू राहिलेले असते, आणि छापताना अक्षरे पोकळ उतरली तर अक्षरे भरून छापण्याची टेक्स्टफिल ही सोय बंद असते. आणखी एक गोष्ट मानकांत सांगितलेली नाही, परंतु डोळ्यांना जाणवते: २.५ मिलिमीटरची उंची रोमन मोठ्या अक्षरासाठी ठरली आहे, आणि तेवढ्याच जागेत शिरोरेखेवरची मात्रा व पायाखालचा उकार बसवायचा तर देवनागरी अक्षराचे अंग इतके आखूड होते की जोडाक्षरे शाईने भरून जातात. मराठी मजकुराला निदान एक पायरी वरची उंची द्यावी, असे माझे मत आहे.

या सर्व उपायांना कंटाळून अलीकडे अक्षरे फोडून त्यांच्या रेषा करून टाकण्याची प्रथा पडली आहे, आणि तिला माझा स्पष्ट विरोध आहे. तशा आराखड्यात अक्षर कोठेही उघडले तरी सारखेच दिसते, हे खरे. पण ते पुन्हा शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि गट क्रमांकावरून यादी करू पाहणाऱ्या संगणकाला तेथे काही लिहिले आहे याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आरेखक, भूकरमापक आणि वास्तुविशारद यांना माझी विनंती आहे की आराखडा पाठवताना त्याचे फॉन्टही, परवाना असेल तेथे, ऑटोकॅडच्या ई-ट्रान्समिट या आज्ञेने सोबत बांधून पाठवावेत, छापण्याजोगी पीडीएफ प्रत जोडावी, आणि गावाचे, शिवाराचे, ओढ्याचे नाव युनिकोडातील मराठीतच लिहावे.