हम्बोल्टच्या पुढे

ऑगस्ट १८५०. तुमच्या हातात विळा आहे आणि तुम्ही गवत कापताय. सोनं शोधायला मिसुरीहून निघालेल्या माणसाने दोन दिवस गवत कापत बसावं, हे तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. सोबतच्या तांड्यातले काही जण थांबलेच नाहीत. आपण पोचेपर्यंत सोनं दुसरेच उचलतील या धास्तीने ते कालच पुढे गेले. तुमचा म्होरक्या मात्र हटून बसलाय. बिग मेडोजच्या या कुरणात पेंढ्या बांधायच्या, झाकण असलेलं जे जे हाताशी लागेल ते पाण्याने भरायचं, मगच हलायचं.

कारण पुढे नदी नाही. तीनशे मैल जिच्या काठाने आलात ती हम्बोल्ट कुरणाच्या थोडं पुढेच संपते. नद्या समुद्राला मिळतात हे आपण धरूनच चालतो. नेवाडाच्या या खोलगटात पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. ते पसरतं, उन्हाने उडून जातं, क्षार तेवढे मागे राहतात. तिथे पोचताच एका बैलाने साचलेल्या डबक्यात तोंड घातलंच. म्होरक्या धावत येतो, त्याचा जबडा फाकवतो आणि डुकराच्या चरबीचा गोळा कोपरापर्यंत हात घालून घशात ढकलतो. क्षारावर इथे एवढाच इलाज.

आता वाटेला दोन फाटे. उजवीकडचा ट्रकी नदीला जातो. १८४४ साली एका पायूट माणसाने गाडीवाल्यांना तो दाखवला आणि त्यांनी त्याचंच नाव नदीला दिलं. त्या वाटेवर झरे आहेत, पण उकळते. डावीकडचा फाटा कार्सन नदीचा. कुठूनही जा, चाळीसेक मैल पिण्याजोगं पाणी नाही. तुम्ही डावीकडे वळता.

ऊन कललं की जुंपायचं आणि रात्रभर बैलांच्या बाजूने चालायचं. गाडीत बसण्याचा विचारही नको, बैलांना तेवढंही वजन जड आहे. जमीन पांढरी, कडक. मेलेली जनावरं दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. त्या वर्षीच्या मोजदादीत १,०६१ खेचरं, जवळपास ५,००० घोडे, ३,७५० गुरं आणि ९५३ कबरी असे आकडे आहेत. इतक्या बिनचूक आकड्यांवर किती विसंबायचं हा भाग वेगळा. रुमाल मात्र नाकावरून काढवत नाही.

मध्यरात्री मागचं चाक खडखडायला लागतं. कोरड्या हवेने लाकूड आकसलंय आणि लोखंडी धाव सैल झालीय. अशीच चाललात तर निखळेल. वाटेच्या कडेला लोकांनी टाकलेल्या सामानाची काय कमी? चुली, ऐरणी, साखळदंड, आणि चांगलं नक्षीदार कपाट. कोणीतरी ते जवळपास दोन हजार मैल ओढत आणलं असणार. तुम्ही त्याची फळी फोडता, पाचरा तासता, धावेखाली ठोकता. चाक पुन्हा मुकाट फिरू लागतं.

उजाडतं तेव्हा वाळू लागते. पायाचा घोटा बुडतो, चाकं त्याहून खोल. १८६९ साली प्रशांत महासागराकडची रेल्वे पुरी होईल आणि हे हाल थांबतील. तुमच्या काळात तर हायवे ९५ वरून एसी लावून तासाभरात इथून पार होतात. ते माहीत असून आत्ता काडीचा उपयोग नाही. एक बैल गुडघ्यावर बसतो. पेंढी सोडता, घोटभर पाणी दाखवता, तो उठतो. पुढे घाई केलेल्या मंडळींच्या गाड्या दिसतात. जू तसंच मानेवर असलेले बैल आडवे पडलेत, माणसं नाहीत. त्यांनी दोन दिवस वाचवले आणि गाड्या घालवल्या. गवत कापायला कुरकुरलेले तुम्ही आता म्होरक्याकडे बघायचं टाळता.

दुपारी बैलांच्या नाकपुड्या फुलतात. त्यांना पाण्याचा वास लागलाय. लगेच सोडा, नाहीतर गाडीसकट नदीत शिरतील. गाडी वाळूत ठेवून तुम्ही त्यांच्यामागे पळता. कार्सन! कॉटनवूडची हिरवी झाडं, झुडपांवर वाळत घातलेले कपडे, कॅलिफोर्नियातून पीठ विकायला आलेले व्यापारी. या वस्तीला रॅगटाऊन म्हणतात. पिठाचा भाव ऐकून सोन्यावरचं तुमचं प्रेम जरा कमी होतं.

तासभर काठावर पडून राहता. मग म्होरक्या हाक मारतो. गाडी आणायला परत जायचंय. खेचरावर त्याने एक पिंप बांधलंय आणि आता दुसरं बांधतोय, कारण घाई केलेल्या मंडळींपैकी दोघं अजून पोचलेले नाहीत.