सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा : गर्भावस्थेतील निदान

माकडहाडाच्या टोकाशी गर्भावस्थेतच वाढणारी गाठ. नवजात बालकांतल्या गाठींमध्ये ही प्रमुख असली, तरी एकूण विरळाच. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांमागे एक. मुलींमध्ये तिचे प्रमाण मुलांच्या तीन-चार पट असते. कोणतीही ऊती घडवू शकणाऱ्या काही आद्य पेशी कण्याच्या शेवटाशी मागे राहून जातात आणि त्यांतून ती तयार होते, असे मानले जाते. म्हणूनच एकाच गाठीत चरबी, कूर्चा, मज्जाऊती, क्वचित केस आणि दातही सापडतात.

निदान बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या ढुंगणापाशी फुगवटा दिसतो : द्रवाने भरलेले कप्पे काळे, घन भाग करडा, मध्येच कॅल्शियमचे पांढरे ठिपके. याच जागी मेनिंगोमायलोसील या कण्याच्या जन्मजात दोषाचाही फुगवटा येऊ शकतो. मात्र त्यात मणके मागून उघडे असतात आणि मेंदूची ठेवणही बदललेली असते. १९७४ मध्ये बालशल्यचिकित्सक ऑल्टमन यांनी केलेले या गाठीचे चार प्रकारांचे वर्गीकरण आजही वापरात आहे. पहिल्या प्रकारात गाठ जवळजवळ पूर्ण बाहेर असते, चौथ्यात पूर्णपणे ओटीपोटात. हा चौथा प्रकार सोनोग्राफीत सहज निसटतो. गाठ आत किती पसरली आहे, हे एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट होते.

गाठ सापडली म्हणजे तपासणी संपली, असे नाही. खरी देखरेख तिथून पुढे असते. केवळ आकारावरून धोका ठरत नाही. द्रवाने भरलेली मोठी गाठ बाळ बऱ्याचदा निभावून नेते. घन, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ मात्र बाळाचे रक्त स्वतःकडे ओढते. हृदयावर ताण येतो, ते मोठे होते, त्वचेखाली, छातीत व पोटात पाणी साठते, वार जाड होते. या अवस्थेला हायड्रॉप्स म्हणतात, आणि ती लवकर आली तर बाळ वाचणे कठीण असते. क्वचित आईलाही सूज येते व तिचा रक्तदाब वाढतो. मग तिच्याच जिवाची काळजी आधी करावी लागते. म्हणून रक्तप्रवाह पाहण्यासाठी डॉप्लर आणि हृदयावरील ताण पाहण्यासाठी गर्भाचा इको वारंवार करतात. २४ आठवड्यांपूर्वी गाठीचे आकारमान व गर्भाचे वजन यांचे गुणोत्तर ०.१२ पेक्षा जास्त असेल, तर धोका अधिक समजतात. गर्भजल वाढल्यास मुदतपूर्व प्रसूतीचीही भीती असते.

गर्भावरील शस्त्रक्रिया जगातील मोजक्या केंद्रांत, निवडक बाळांवरच होते. गाठ मोठी असल्यास ती प्रसूतीत फुटून रक्तस्राव होऊ नये म्हणून सिझेरियन करतात. जन्मानंतर ती माकडहाडासह काढतात. हाड मागे ठेवल्यास गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता बरीच वाढते. जन्मवेळी बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण काढायला उशीर होत गेला की कर्करोगाची शक्यता वाढते. गाठ पुन्हा उद्भवली का हे कळावे म्हणून पुढची काही वर्षे रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन तपासतात. नवजात बाळात ते मुळातच जास्त असल्याने प्रत्येक आकडा वयाशी ताडून पाहतात. लघवी-शौचावरील नियंत्रण व पायांची हालचाल यांवरही लक्ष ठेवावे लागते.