मोटारीच्या दारातला इतिहास

दक्षिण महाराष्ट्रातील मुसलमानांची आडनावे एकापुढे एक लिहीत गेले की ती बाजारपेठेची यादी वाटू लागते. शिकलगार, पिंजारी, आतार, मणेर, तांबोळी, बागवान, मोमीन, मुलाणी. कराडपासून मिरजेपर्यंत आणि वाईपासून जतपर्यंत आमच्या वाडवडिलांनी जे काम केले, ते त्यांच्या नावामागे चिकटून राहिले. गावगाड्याने आम्हाला फार काही दिले नसेल, पण आमच्या कामाची नोंद मात्र ठेवली.

विसाव्या शतकात आमच्यातील असंख्य कुटुंबांनी जो धंदा पत्करला, त्याची अशी नोंद झाली नाही. तो धंदा म्हणजे मोटार दुरुस्ती. गिऱ्हाईक त्या माणसाला मिस्त्री म्हणते, हाताखालची पोरे उस्ताद म्हणतात. शिधापत्रिकेवर मात्र तो शेख, पठाण, मुल्ला किंवा शिकलगारच असतो. मुसलमान कामगार ज्या व्यवसायांत मोठ्या प्रमाणावर एकवटले आहेत, त्यांत न्या. राजिंदर सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालाने वाहन दुरुस्तीही मोजली. अहवालाने आमची संख्या सांगितली. आमचे कसब सांगणे हे अहवालाचे काम नव्हे. ते आपण सांगितले नाही, तर दुसरे कोणी सांगणार नाही. म्हणून या लेखात आम्ही त्या कसबातील एकच लहानसा भाग घेत आहोत: जुन्या मोटारीचे दार रंगवून झाल्यावर त्याच्या काचेची चौकट, रबर आणि चकचकीत पट्ट्या पुन्हा जागेवर बसवण्याचे काम.

ही जुनी मोटार आमच्या भागाला परकी नाही. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये लोखंडी नांगरांचा कारखाना सुरू केला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांचा कारखाना पुढे 1940 च्या सुमारास वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहात आला. त्याच वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सांगलीत 1947 मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. सातारा आणि सांगली हे तेव्हा निराळे जिल्हे नव्हते. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. एकाच उद्योगपतीचे नाव या मुलखाच्या दोन्ही टोकांना कोरलेले आहे. त्याच्या कंपनीच्या गाड्या चाळीस-पन्नास वर्षे चालत्या ठेवणाऱ्यांचे नाव मात्र कुठेही नाही.

कुर्ल्यात बनलेली फियाट 1100 आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणून ओळखली गेली. तिच्या पुढच्या दाराची बिजागरी दाराच्या मागच्या कडेला असे, त्यामुळे दार उलटे उघडे. नंतर डिलाइट आली आणि 1970 च्या दशकात पद्मिनी हे नाव आले. दुसरीकडे हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसिडर होती. ती 2014 पर्यंत बनत राहिली. त्या काळात नवी गाडी हवी तर पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सुटे भाग मिळायलाही मारामार. त्यामुळे डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे संचालक, बागायतदार असा प्रत्येक मालक आहे ती गाडी जपत असे आणि जपण्याचे काम मिस्त्रीच्या हाती असे. वाकलेली पट्टी फेकून द्यायची नाही, ठोकून सरळ करायची. तुटलेली क्लिप पत्रा कापून घडवायची. आमच्या कारागिरीचा हा काळ टंचाईने घडवला, हे विसरता येणार नाही.

आता दाराकडे वळू. बाहेरून एक पत्रा दिसत असला तरी मोटारीचे दार ही आतून पोकळ पेटी असते. काच खाली केली की ती या पेटीत उतरते. पाऊस काचेवरून ओघळतो तेव्हा थोडे पाणी आत जातेच; कोणतेही रबर ते पूर्ण अडवू शकत नाही. म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. रंगाऱ्याची लांबी किंवा रस्त्यावरचा चिखल त्यात बसला की पाणी साचते आणि दार आतून सडू लागते. बाहेर रंगाचा फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. म्हणून जाणता उस्ताद दार जोडायला घेतो तेव्हा आधी तळाची भोके तार घालून मोकळी करतो. चकचकीत पट्टीला हात सर्वांत शेवटी लागतो.

भोके मोकळी झाली की काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते, तिच्यात बनातीचे अस्तर असलेला चॅनल बसवायचा. तो कोपऱ्यात घडी न पडता वळला पाहिजे. लांबीला थोडा जास्तच कापायचा, कारण आखूड कापलेला चॅनल वाढत नाही. पुढच्या कोपऱ्यात वाऱ्यासाठी उघडणारी लहान तिकोनी काच असते. तिची चौकट आणि मोठ्या काचेच्या मधली उभी दांडी ही या कामातली खरी परीक्षा. दांडी केसभर तिरकी झाली तरी काच मध्येच अडकते किंवा खडखडते. म्हणून सगळे स्क्रू आधी अर्धेच आवळायचे. काच उतरवायची, वर-खाली करणाऱ्या मशीनला जोडायची, दहा वेळा हँडल फिरवून पाहायचे. काच स्वतः आपली वाट शोधते आणि दांडी तिच्या मागे सरकते. मग एकेक स्क्रू पक्का करायचा. घाईचा शागीर्द पहिला स्क्रू पूर्ण आवळतो आणि शेवटचा बसत नाही म्हणून सगळे उलगडतो.

त्यानंतर काचेला बाहेरून आणि आतून पुसणाऱ्या पट्ट्या, मग दाराच्या कडेचे रबर. ते कोरडे ओढले तर ताणते आणि पुढे आकसून कोपरा उघडा पडतो. साबणाचे पाणी लावून, न ताणता, दाबत बसवायचे. आतल्या पुठ्ठ्याआधी प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा लावायचा, म्हणजे ओल पुठ्ठ्यात शिरत नाही. चकचकीत पट्ट्यांना नवीन रंगावर ओरखडा न उठवता क्लिपांवर दाबायचे आणि क्लिपेच्या भोकाला मेण किंवा ग्रीस लावायचे, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

या ज्ञानाला आमच्या मुलखाची हवाही कळते. महाबळेश्वर, पाटणच्या बाजूच्या गाडीचे दार पावसाने खालून सडते. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडच्या गाडीच्या बनातीत धूळ बसते आणि काचेवर उभ्या रेघा उमटतात. पहिल्या गाडीचे दार उघडताना तळ पाहायचा, दुसरीचे उघडताना चॅनल. 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचे पाणी शहरात आणि गावांत शिरले, तेव्हा आणखी एक धडा मिळाला. बुडालेल्या गाडीचे इंजिन सगळेच आधी पाहतात. पण गाळ दाराच्या पेटीत बसून राहतो आणि दार न उलगडता बाहेरून धुतलेली गाडी वर्षभरात सडते.

हे सारे कोणत्या भाषेत शिकवले गेले? कारखान्याची पुस्तिका इंग्रजीत असे आणि ती गॅरेजपर्यंत क्वचितच पोहोचे. उस्ताद दखनीत बोले, गिऱ्हाईक मराठीत. मिस्त्री आणि बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, उस्ताद, शागीर्द आणि कारागीर फारसीतून, चॅनल आणि क्लिप इंग्रजीतून, काच संस्कृतातून. एका दारात एवढ्या भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. मुसलमानांची मराठी कोणती, असा प्रश्न जे अधूनमधून विचारतात, त्यांनी हे दार एकदा उघडून पाहावे.

इतिहासात याला एक जुना दाखला आहे. शिकल हा शब्द अरबी सैकलवरून आला; त्याचा अर्थ घासून लखलखीत करणे. मिरजेचे शिकलगार मुळात तलवारी आणि भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची शस्त्रे म्यानात गेली आणि त्यांची रोजी गेली. त्याच सुमारास, 1850 च्या आसपास, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोऱ्याची दुरुस्ती करता करता तो घडवण्याची विद्या मिळवली. पुढे त्यांच्या घराण्यांनी मिरजेचा सतार-तंबोरा देशभर पोहोचवला. 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. लोखंडाची शिकल करणारे हात लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळले. तशीच कूस विसाव्या शतकात मोटारीच्या रूपाने पुन्हा बदलली गेली. बफच्या चाकावर पट्टी चमकवणारा मिस्त्री कोणत्याही आडनावाचा असो, तो करतो ती शिकलच.

दोन गोष्टींत फरक मात्र आहे. सतारीला दरबार आणि मैफल मिळाली, गवय्यांनी कारागिरांची नावे घेतली. मोटारीच्या मिस्त्रीचे नाव मालकाच्या तोंडी राहिले आणि मालकाबरोबर गेले. दुसरा फरक अधिक बोचरा आहे. गॅरेजातील बहुतेक उस्ताद दहा-बारा वर्षांच्या वयात शाळा सोडून शागीर्द झाले. काचेने हात कापले, रंगाच्या फवाऱ्याने छाती भरली. ज्यांच्या बोटांना केसभराचा तिरकेपणा कळत होता, त्यांना अर्ज भरायला दुसऱ्याची मदत लागे. या कारागिरीचे गोडवे गाताना ही किंमत झाकणे म्हणजे त्या पोरांवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. आज त्यांची नातवंडे शिकतात, संगणकावर काम करतात. गॅरेज ओस पडते याचे दुःख मानावे, पण नातू गॅरेजात नाही याचे मानू नये.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि हळूहळू दुरुस्तीची जागा भाग बदलण्याने घेतली. पद्मिनीचे उत्पादन शतक सरताना थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. आणि नेमक्या याच काळात जुन्या गाडीला वारशाचा मान मिळू लागला. केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केला: पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. या नियमातला कळीचा शब्द आहे ‘मूळ स्वरूप’. मूळ चौकट, मूळ दांडी, मूळ पट्टी. ती आज शाबूत असेल तर कोणीतरी तीन-चार वेळा ती न मोडता उतरवली आणि न वाकवता बसवली म्हणून. गाडी वारसा ठरली. तिला वारसा होईपर्यंत जगवणारा हात कोणत्या नोंदवहीत आहे?

हे काम सरकारने करावे म्हणून थांबण्याची गरज नाही. आपल्यातले शिक्षक, पदवीधर मुलेमुली, लिहिणारे यांनी आपापल्या गावातील म्हाताऱ्या मिस्त्रींजवळ बसावे. कोणते काम कोणत्या क्रमाने, कोणत्या हत्याराने, कोणत्या शब्दाने केले जाते ते उतरवून घ्यावे. उस्तादाचा उस्ताद कोण, तो कोणत्या गावाहून आला, पहिली गाडी कोणाची, हेही विचारावे. आमचा इतिहास म्हटले की आपण सुलतान, सूफी आणि सुधारक यांच्याकडे पाहतो. ते योग्यच आहे. परंतु सातारा-सांगलीच्या रस्त्यावर पन्नास वर्षे ज्या गाड्यांच्या काचा नीट वर-खाली झाल्या, तोही आमचाच इतिहास आहे. आडनावात त्याची नोंद झाली नाही. ती कागदावर करणे आता आपल्या हाती आहे, आणि सांगणारे उस्ताद वर्षागणिक कमी होत आहेत.