एकाच नांवाचीं दोन रूपें

देवनागरींतील ‘अ’, ‘झ’, ‘ण’ हीं अक्षरें मुंबईच्या आणि काशी-कलकत्त्याच्या अशा दोन वळणांनीं छापलेलीं आपण पाहिलीं असतील. वळण कोणतेंही असो, अक्षर एकच. संगणकही त्यास एकच सांकेतिक क्रमांक देतो. चिनी लिपीचें मात्र तसें नाहीं.

एका चिनी अक्षराचीं अनेक रूपें असणें ही फार जुनी अडचण आहे. ख्रिस्तपूर्व २२१ मध्यें छिन सम्राटानें देश एकछत्री केला, तेव्हां त्याचा अमात्य ली सु यानें निरनिराळ्या राज्यांचीं वळणें मोडून एकच वळण लावून दिलें. तरीही रूपें वाढतच गेलीं. १७१६ सालच्या खांगशी कोशांत सत्तेचाळीस हजारांहून अधिक अक्षरें भरलीं, आणि त्यांतील पुष्कळशीं एकमेकांचीं रूपांतरेंच होतीं. पुढें १९५६ सालीं चीनच्या साम्यवादी सरकारनें साक्षरतेच्या प्रसारासाठीं अक्षरें सोपीं केलीं. तैवान व हाँगकाँग यांनीं जुनींच चालू ठेविलीं. ‘देश’ या अर्थाचें ‘क्वो’ हें अक्षर तैवानांत अकरा रेघांनीं लिहितात, चीनमध्यें आठ रेघांनीं. उच्चार तोच, अर्थ तोच. पण संगणकाच्या यादींत दोहोंस दोन क्रमांक.

इंटरनेटवरील नामपद्धति १९८३ सालीं आंखली गेली. तींत रोमन वर्ण, अंक आणि जोडरेघ एवढ्यांचाच व्यवहार होता, म्हणून हा प्रश्न उद्भवला नाहीं. २००३ सालीं इतर लिपींतील नांवांचे नियम ठरले आणि पेंच उत्पन्न झाला. एखाद्या पेढीनें आपलें नांव सोप्या अक्षरांत नोंदविलें, आणि कोणा लबाडानें तेंच जुन्या अक्षरांत नोंदविलें, तर ठेवीदारानें कोणतें दार खरें मानावें?

रोमन लिपींतील मोठीं व लहान अक्षरें एकच मानतात, तशीं हीं कां मानूं नयेत? कारण असें कीं, ‘पाठविणें’ आणि ‘केस’ या अर्थांचीं दोन जुनीं अक्षरें नव्या लिपींत ‘फा’ या एकाच पांच-रेघी अक्षरांत मिळालीं आहेत. नव्यावरून जुन्याकडे जातांना वाट फुटते, आणि यंत्रास अर्थ कळत नाहीं. शिवाय जपानी नोंदणींत जुनें व नवें रूप हीं दोन स्वतंत्र नांवेंच ठरतात. तेव्हां सर्व जगास एक नियम लावणें शक्य नव्हतें.

चीन, तैवान, जपान व कोरिया येथील नोंदणीसंस्थांच्या तज्ज्ञांनीं सिद्ध केलेले मार्गदर्शक नियम २००४ सालीं प्रसिद्ध झाले. प्रत्येक संस्थेनें रूपांतरांचा आपापला तक्ता करावा. नांव मागितलें कीं त्याचीं सर्व रूपें एका गठ्ठ्यांत बांधावीं. त्यांतील कांहीं चालू करावीं, बाकीचीं राखून ठेवावीं. परंतु दुसऱ्याच्या हातीं एकही जाऊं देऊं नये. २०१० सालीं ‘चीन’ हें अग्रनाम दोन्ही रूपांत चीनच्या संस्थेस मिळालें, व ‘तैवान’ हेंही तसेंच तैवानच्या संस्थेस.

ली सु यानें इतर रूपें मोडून ऐक्य घडविलें. या तज्ज्ञांनीं दोन्ही रूपें राखून वाचणाराचा विश्वास सांभाळला. आणि लिपी ज्यांच्या अंगवळणीं पडली आहे, त्यांस ती सोडावी लागली नाहीं.