गलाई बांधवांची दोन पंचांगे

१) सांगलीतील विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातील माण, खटाव हा अल्प पावसाचा टापू. दुष्काळांनी शेती कोलमडली, तेव्हा विसाव्या शतकात येथील तरुण सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगले. हेच गलाई बांधव.

२) नत्राम्लात चांदी-तांबे विरघळवून शुद्ध सोने वेगळे करण्याचे कसब त्यांच्या हाती होते. परंतु केरळात भाषा परकी आणि सोने दुसऱ्याचे. मल्याळम आत्मसात केल्याविना विश्वास मिळणे कठीण होते.

३) रीतीही निराळ्या. गावी चातुर्मासात लग्ने थांबतात. केरळात त्याच काळात येणारा चिंगम महिना लग्नसराईचा. म्हणून भट्टीसाठी एक पंचांग, देवकार्यासाठी दुसरे.

४) मुलांची शाळा तिकडे, कुलदैवत इकडे. उपजीविका स्थिरावली; आपले गाव कोणते, हा प्रश्न मात्र पुढच्या पिढीकडे गेला.