पाटण्याचे शहामृग

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलो होतो. सीताफळे खाता खाता धाकट्याने विचारले, "आजोबा, या रानात पूर्वी कोण राहायचे?" मी म्हटले, "शहामृग!" सारी मंडळी हसली. आफ्रिकेतला पक्षी खानदेशात कुठला?

पण ही थट्टा नव्हे. याच पाटणे गावी १९७० नंतरच्या दशकात डॉ. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचे निघाली. एका तुकड्यावर माणसाने कोरलेल्या रेघांची नक्षी होती. कवचाचे मणीही होते. वय सुमारे २५,००० वर्षे! भारतात मिळालेल्या अशा कवचांतला डीएनए हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तपासला आणि २०१७ साली सांगितले की, हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचाच भाऊबंद.

शहामृग एकटा गेला नाही. नर्मदेच्या गाळात ज्याची हाडे सापडतात तो सरळ सुळ्यांचा प्रचंड हत्ती गेला, पाणघोडाही गेला. कुणामुळे? एक पक्ष म्हणतो, हवामानामुळे. हिमयुग सरले, पावसाळा बळावला, उघडे माळ आखडले. दुसरा पक्ष माणसाकडे बोट दाखवतो. न्यूझीलंडमध्ये माणूस तेराव्या शतकाच्या सुमारास पोचला आणि शे-दोनशे वर्षांत मोआ नावाचे थोराड पक्षी संपले. तिथे हिमयुग कुठून आणायचे?

मग आपल्याकडे हत्ती, गेंडा, वाघ, गवा उरले कसे? काही शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, आफ्रिकेतल्याप्रमाणे इथलीही जनावरे माणसाच्या पूर्वजांच्या शेजारी लाखो वर्षे नांदली आणि या दोन पायांच्या प्राण्यापासून दूर राहायला शिकली. अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना ती सवड मिळाली नाही. मला हे पटते. मात्र शहामृगाला पळता येते, त्याच्या अंड्याला नाही!

"म्हणजे मण्यांसाठी आपणच त्यांना संपवले?" नातवाने विचारले.

"एवढे कोण ठामपणे सांगणार, बाळ? पण माळ आखडत चालला असेल, तेव्हा एकेक अंडे मोलाचे झाले असेल."

त्याने थोडा विचार केला. "मग थोडी अंडी ठेवायला हवी होती."

पंचवीस हजार वर्षांच्या त्या प्रश्नावर याहून शहाणे उत्तर मलाही सुचले नाही.